बसतंय झकास, पण निघंल का?



या पानावर मुलांचे शिक्षण, लग्नातला खर्च, घरातली धम्मवंदना अशा विषयांवर पुष्कळ लिहून येते आणि आम्ही ते आवडीने वाचतो. आज आम्ही जे लिहीत आहोत ते लोखंडाचे आहे. भोसरीला आमचा एक छोटा गाळा आहे. आम्ही दोघे, बहीण आणि भाऊ, २००७ सालापासून तिथे वेल्डिंगची फिक्श्चर आणि लहानसहान यंत्रे तयार करतो. ड्रॉईंग बहिणीचे, फिटिंग भावाचे, आणि चुका दोघांच्या. समाजातली बरीच मुले, आणि आता मुलीही, आय.टी.आय. करून याच धंद्यात उतरत आहेत. आमच्या चुका त्यांच्या कानावर घालाव्यात एवढ्यासाठी लिहायला बसलो. रविवारी विहारात पोरे विचारतात तेव्हा घाईगर्दीत नीट सांगणे होत नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी फिक्श्चर म्हणजे काय ते सांगतो. सुतार दाराची चौकट जोडताना जमिनीवर चार खुंट्या ठोकतो आणि त्यांच्यात लाकडे अडकवतो. मग प्रत्येक चौकट सारखीच निघते. लोखंडाचे तुकडे वेल्डिंगने जोडताना ते जागच्या जागी धरून ठेवणारी जी मांडणी, तिला फिक्श्चर म्हणतात. गाडीची सीट, ट्रॅक्टरचे बंपर, रुग्णालयातली खाट, शाळेचा बाक, सगळे कुठल्यातरी फिक्श्चरमधून निघालेले असते. वस्तू विकत घेणाऱ्याला ते कधी दिसत नाही.

आमचे पहिले मोठे काम २००८ सालचे. एका कंपनीला ट्रॅक्टरच्या सीटखालच्या फ्रेमसाठी फिक्श्चर हवे होते. दोन बाजूच्या पट्ट्या, मध्ये दोन आडवे पाईप, चार कोपऱ्यांना चार ब्रॅकेट. लांबी साधारण ६०० मिलिमीटर. ऑर्डर हातात आली त्या दिवशी आईने खीर केली. पतसंस्थेचे कर्ज काढून माल आणला. बहिणीने नुकताच डिप्लोमा केला होता, भावाकडे फिटरचे सर्टिफिकेट होते. आम्हाला वाटले की आपल्याला सगळे येते.

शेजारी एक वेल्डर काका राहतात. आमच्या वडिलांचे जुने मित्र. चौथी शिकलेले. पिंपरीच्या कारखान्यांत त्यांनी तीस वर्षे गन धरली, डोळ्यांच्या कडा कायम लाल. फिक्श्चर तयार झाल्यावर ते सहज बघायला आले. आम्ही कौतुकाने चारी ब्रॅकेट चारी पिनांवर बसवून दाखवले. टक्, टक्, टक्, टक्. काकांनी खाली वाकून पाहिले, एक पिन बोटाने चाचपली आणि म्हणाले, “पोरांनो, बसतंय झकास, पण निघंल का?”

आम्ही हसलो. म्हणालो, “काका, जे बसतं ते निघतंच की.” काका काही बोलले नाहीत. चहा पिऊन गेले.

कंपनीत ट्रायल झाली. वेल्डिंग पूर्ण झाले, क्लॅम्प उघडले आणि फ्रेम जागची हलेना. कारण अगदी साधे आहे. वेल्डिंगचा रस थंड होताना आकसतो. आडव्या पाईपाच्या दोन्ही टोकांना वेल्ड असल्यामुळे बाजूच्या पट्ट्या आत ओढल्या जातात. आमच्या त्या फ्रेममध्ये ही ओढ जवळजवळ एक मिलिमीटर होती, आणि पिन व भोक यांच्यातली मोकळीक होती ०.२ मिलिमीटर. चार घट्ट पिना, चारही पक्क्या ठोकलेल्या. फ्रेमने त्यांना मिठी मारली.

आमची लाज इथे संपत नाही. कंपनीला माल पाठवायची घाई होती, म्हणून त्यांनी फिक्श्चर तसेच चालवले. जॉब खालून हातोडीने ठोकून काढायचे. आठव्या दिवशी एका कंत्राटी हेल्परची हातोडी निसटली आणि त्याचा अंगठा ठेचला. नख गेले, हाड चिरले. आम्हाला हे कळले तेव्हा आम्ही त्याच्या खोलीवर भेटायला गेलो. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा. हाताला बँडेज. त्याने आम्हाला काय म्हणावे? “दादा, ताई, माफ करा, तुमची एक पिन माझ्या हातून वाकली.”

आम्ही परत येताना भोसरीपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

कंपनीने अर्धे पैसे अडवले. ते आमच्या चुकीचे होते, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही काकांकडे गेलो आणि सरळ विचारले की आता काय करू. काका म्हणाले, “आधी ते इथं आणा. मी फ्रेम जोडतो, तुम्ही नुसतं बघा. हात नका लावू.” आम्ही दिवसभर स्टुलावर बसून पाहिले. आमचे खरे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले असे आम्ही मानतो.

तर आता कामाच्या गोष्टी.

फिक्श्चर कागदावर काढण्याआधी तो जॉब जिथे जोडला जातो तिथे एक पूर्ण पाळी उभे राहा. ड्रॉईंगमध्ये सगळे तुकडे अचूक असतात, प्रत्यक्षात नसतात. कापलेला पाईप कधी मिलिमीटरभर लांब, कधी आखूड. प्रेसमधून वाकवून आलेला ब्रॅकेट ९० अंशांचा म्हणतात, पण तो ९१ किंवा ८९ चाही असतो. म्हणून तुकडे मागताना एकच सुंदर नमुना घेऊ नका. दोन-तीन वेगवेगळ्या लॉटमधले, त्यातही वाईटातले वाईट, मागून घ्या. फिक्श्चरची परीक्षा त्यांच्यावर होते. कंपनीचा माणूस नेहमी सर्वांत चांगला तुकडा देतो, जसे मुलगी पाहायला आलेल्यांना चांगल्या कपातला चहा देतात.

कोणताही तुकडा पक्का धरायला सहा टेकू पुरतात. खाली तीन, एका बाजूला दोन, टोकाला एक. तीन पायांचे स्टूल खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, चार पायांचे डुगडुगते. आम्ही पहिल्या फिक्श्चरला खाली आठ टेकू दिले होते, मजबुतीसाठी! त्यातल्या पाचांना काम नव्हते आणि ते उरलेल्या तिघांचे काम बिघडवत होते. लांब आणि लवचीक जॉब असेल तर जास्तीचे आधार लागतात हे खरे, पण ते वरखाली करता येण्याजोगे ठेवावेत. आणि क्लॅम्पचा दाब टेकूच्या बरोबर वर पडला पाहिजे. टेकू एकीकडे, दाब दुसरीकडे, असे झाले की पट्टी वाकते, वाकलेलीच वेल्ड होते आणि सुटल्यावर धनुष्यासारखी उभी राहते. मग दोष वेल्डरच्या माथी मारतात.

दोन भोकांवर जॉब बसवायचा असेल तर एक पिन पूर्ण गोल आणि दुसरी दोन बाजूंनी घासलेली घ्या. तिला डायमंड पिन म्हणतात. दोन भोकांमधले अंतर थोडे कमीजास्त झाले तरी ती सांभाळून घेते. आम्ही चारही गोल पिना लावल्या होत्या, त्याही घट्ट.

काढण्याचा विचार बसवण्याच्या आधी करा. वेल्ड झाल्यावर जॉब कुठल्या दिशेला ओढला जाणार ते कागदावर बाण काढून दाखवा. मग त्या बाणाच्या आड येणारी प्रत्येक पिन मागे किंवा खाली सरकणारी करा. आमच्या फ्रेमला शेवटी एकच गोल पिन पक्की ठेवली. समोरची डायमंड पिन लिव्हरने खाली जाते. उरलेले दोन ब्रॅकेट पिनांऐवजी सपाट टेकूवर आणि खाचेत बसतात. खाली एक साधा उचलण्याचा दांडा दिला. पाय दाबला की फ्रेम वर येते. हातोडीची गरज संपली.

दुसरी गोष्ट मापाची. फ्रेम एक मिलिमीटर आत ओढली जाते म्हणून टेकू मुद्दाम तेवढे बाहेर ठेवावे लागतात, म्हणजे गार झाल्यावर माप बरोबर येते. हा आकडा पुस्तकातून मिळत नाही. पत्र्याची जाडी, वेल्डची लांबी, आधी कुठला वेल्ड मारला, या सगळ्यांवर तो अवलंबून असतो. पाच जॉब एका पाठोपाठ एकाच पद्धतीने जोडा, फिक्श्चरमधून काढा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग मोजा. फिक्श्चरमध्ये असतानाच मोजले तर माप खोटे येते, कारण क्लॅम्पने ते दाबून धरलेले असते. गरम असताना मोजले तरी खोटे येते. ६०० मिलिमीटरचे लोखंड ५० अंश सेल्सिअसने तापले तर सुमारे ०.३६ मिलिमीटर वाढते. याच कारणाने सकाळचा पहिला जॉब आणि दुपारचा शंभरावा जॉब यांच्यात फरक पडतो, कारण तोवर फिक्श्चरही तापलेले असते. आम्ही पूर्वी फक्त सकाळी मोजायचो.

वेल्डचा क्रमही ठरवून द्यावा लागतो. एका बाजूने सरळ ओढत गेले तर पत्रा त्याच बाजूला वर उचलला जातो. आधी सगळीकडे टॅक, मग समोरासमोरचे वेल्ड आलटून पालटून, लांब वेल्ड असेल तर तुकड्या-तुकड्याने. हा क्रम काकांना पाठ होता. “लोखंडाला एकाच अंगानं चिडवायचं नाही,” असे ते म्हणत. आम्ही आता तो क्रम आकड्यांनी फिक्श्चरवरच रंगवतो, १, २, ३, ४. नवीन मुलाला विचारावे लागत नाही.

गन आत जाते का हे पाहणे तर फार जण विसरतात, अगदी संगणकावर ड्रॉईंग काढणारेही. पडद्यावर जागा दिसते. पण गनला नोझल असते, मागे केबल असते, केबलमागे मनगट असते आणि मनगटामागे माणूस असतो. त्याच्या डोळ्यांवर काळी काच असते, तरी त्याला जोड दिसला पाहिजे. कोपऱ्यातल्या वेल्डला गन साधारण ४५ अंशांत धरावी लागते. म्हणून आम्ही एक जुनी, मोडकी गन गाळ्यात टांगून ठेवली आहे. ड्रॉईंग झाले की पुठ्ठा आणि चिकटपट्टीचा नमुना तयार करायचा आणि त्यात ती गन घालून पाहायची. दीडशे रुपयांचा पुठ्ठा पन्नास हजारांचे लोखंड वाचवतो. आमच्याकडे येणाऱ्या इंजिनिअर मुलांना हे पोरकटपणाचे वाटते. वाटू द्यावे.

स्पॅटर म्हणजे वेल्डिंगचे उडणारे थेंब. हे थेंब आट्यांत, खाचांत, सरकत्या पिनांत जाऊन बसतात आणि आठवड्याभरात फिक्श्चर जाम होते. जे सरकते त्यावर झाकण द्या. उघड्या आट्या टाळा. वेल्डजवळचे टेकू तांब्याचे किंवा तांब्याच्या मिश्रधातूचे घेतले तर थेंब सहसा चिकटत नाही. झिजणारे टेकू आणि पिना मात्र पोलाद कडक करून घ्याव्यात, ईएन-३१ किंवा ओएचएनएस, आणि त्या बदलता येतील अशा बोल्टने बसवाव्यात. बेसला कायमच्या वेल्ड करू नयेत. वेल्डिंगच्या फिक्श्चरमध्ये वेल्डिंग जितके कमी तितके बरे.

बेस वेल्ड करून तयार केला असेल तर मशिनिंगच्या आधी त्याला भट्टीत घालून ताण काढून घ्या. साध्या पोलादाला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापवून सावकाश गार करतात. तो खर्च वाचवायला गेलो तर बेस महिन्याभरात हळूच पीळ घेतो आणि कुणाला कळतही नाही. हा अनुभव आम्ही दोनदा घेतला. पहिल्यांदा शिकायला हवे होते.

अर्थच्या केबलविषयी थोडे. २०१३ साली आम्ही एक फिरते टेबल केले, म्हणजे जॉब फिरवून सगळ्या बाजूंनी वेल्ड करता यावा. तीन महिन्यांत त्याचे बेअरिंग दोनदा गेले. पहिल्यांदा आम्ही बेअरिंग विकणाऱ्याला दोष दिला. दुसऱ्यांदा उघडून पाहिले तर आत बारीक बारीक खड्डे. अर्थचा चिमटा खालच्या स्टँडला लावलेला होता, त्यामुळे वेल्डिंगचा सगळा करंट बेअरिंगमधून जात होता. मग फिरत्या भागावर तांब्याचा ब्रश टेकवून अर्थ थेट तिथून घेतली. ते टेबल अजून चालू आहे. भगवंतांनी कारण-परिणामाची साखळी सांगितली आहे, ती यंत्राशी काम करणाऱ्याला रोज लागते. बेअरिंग गेले हा परिणाम. नवे बेअरिंग बसवले म्हणजे कारण गेले असे नव्हे.

माणसाच्या हाताबद्दल आम्ही त्या अंगठ्यानंतर फार जपून असतो. हवेवर चालणारा क्लॅम्प असेल तर तो उघडा असतानाच जॉब आणि क्लॅम्प यांच्यातली फट ६ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवतो, म्हणजे बोट आत जाऊच शकत नाही. तसे जमत नसेल तिथे दोन हातांची दोन बटणे, एकाच वेळी दाबल्याशिवाय क्लॅम्प हलणार नाही. कंपन्या म्हणतात की वेळ जातो. जाऊ द्यावा. टेबलाची उंची माणसाच्या कोपराजवळ यावी, आणि ती माणसानुसार बदलता यावी. धूर नाकाकडे न येता मागे ओढला जावा अशी खिडकी फिक्श्चरमध्येच ठेवावी. गॅल्व्हनाईजचा पत्रा वेल्ड करताना निघणाऱ्या जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो. आमच्या वडिलांना तो अनेकदा यायचा आणि आई समजायची की हिवताप आहे.

उलटा तुकडा बसू नये याची सोयही फिक्श्चरमध्येच हवी. डावा ब्रॅकेट उजवीकडे ठेवला तर एखादी खुंटी आडवी आली पाहिजे. “लक्ष देऊन काम करा” असा फलक लावणे हा उपाय नाही. दहा तास उभ्या असलेल्या माणसाकडून लक्षाची भीक मागू नये. डाव्या-उजव्याची चूक आमच्याही हातून झाली आहे, तीही ड्रॉईंग वाचताना. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धतीने चित्र काढतात, अमेरिकेतून येणारी ड्रॉईंग थर्ड अँगलची असतात. कोपऱ्यात छोटी खूण असते. ती न पाहता आम्ही एक अख्खे फिक्श्चर आरशातले केले. ते अजून गाळ्याच्या माळ्यावर पडले आहे, पाहुण्यांना दाखवायला.

आता सुधारणेविषयी, म्हणजे कारखान्यात ज्याला रिव्हिजन म्हणतात. आमच्या मते नवे काढण्यापेक्षा जुने सुधारणे अवघड आहे. पहिले फिक्श्चर कुणाचेच अचूक येत नाही. म्हणून सुधारता येईल असेच ते करावे. प्रत्येक टेकूखाली ३ मिलिमीटरची शिम आधीच ठेवा, म्हणजे टेकू वर न्यायचा तर शिम जाड करता येते आणि खाली आणायचा तर पातळ. ट्रायल पूर्ण झाल्याशिवाय डॉवेल ठोकू नका. बोल्टवर ठेवा, सरकवा, मोजा, जमले की मग डॉवेल.

एका वेळी एकच गोष्ट बदला. हे फार कठीण जाते. कंपनीचा माणूस डोक्यावर उभा असतो, आणि आपण एकदम तीन ठिकाणी शिम घालतो. माप बरोबर आले तर कशाने आले ते कळत नाही, बिघडले तर कशाने बिघडले तेही कळत नाही. कालामांना भगवंतांनी सांगितले होते की ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतात म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. ते ट्रायलच्या वेळी आठवावे. आमच्या ओळखीचे एक जण प्रत्येक नव्या यंत्राला नारळ आणि लिंबू-मिरची बांधतात, पण मोजमापाची वही ठेवत नाहीत.

बदल केला की ड्रॉईंगवर त्याच दिवशी लाल पेन्सिलने लिहावा आणि आठवड्याच्या आत नवे ड्रॉईंग काढावे. आणि जुनी प्रत? ती कारखान्यातून गोळा करून फाडावी, कुणाच्या खणात राहू देऊ नये. आमच्याकडे एकदा पिनेचे माप १०.४ वरून १०.२ केले. नवे ड्रॉईंग भिंतीवर लागले. पण टर्नरच्या खणात जुने होते, त्याने प्रामाणिकपणे त्यावरून आठ पिना काढल्या, कडक केल्या, ग्राइंड केल्या. आम्ही त्याच्यावर ओरडलो. संध्याकाळी विचार केला तेव्हा कळले की त्याची काहीच चूक नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी तसे त्याला सांगितले. तेव्हापासून रिव्हिजनचा क्रमांक आम्ही फिक्श्चरवरही पंचाने ठोकतो.

इथे थोडे विषयांतर करतो. आमचे आजोबा मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात होते. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसांना घेत नसत. कारण काय, तर धागा तुटला की तो जोडायला तोंडाची थुंकी लावावी लागे आणि त्यामुळे इतर कामगारांना विटाळ होई! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. यंत्राच्या कामातली एवढीशी गोष्ट, पण तिचा आधार घेऊन माणसांना पोटापासून दूर ठेवले गेले. यंत्र कसे असावे हे कागदावर ठरवणारे आणि त्या यंत्रावर उभे राहणारे वेगवेगळे असले की असे होते. पुढे १९४२ साली व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात आपल्या मुलांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण मिळावे असा आग्रह धरला. आम्ही देहूरोडला वाढलो. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली ते हे गाव. दरवर्षी त्या दिवशी आईबरोबर जायचो, पण त्या निवेदनाविषयी फार उशिरा वाचले.

मुला-मुलींनी कुठला ट्रेड घ्यावा असे पालक विचारतात. वेल्डर एका वर्षाचा आहे, फिटर आणि ड्राफ्ट्समन मेकॅनिकल दोन वर्षांचे. टूल अँड डाय मेकर हाही दोन वर्षांचा, त्यात जिग-फिक्श्चरची शाखा आहे. मुलींना ड्राफ्ट्समन द्या असे लोक म्हणतात कारण बसून काम. आम्ही म्हणतो, ड्राफ्ट्समन घ्या, पण गन एकदा तरी हातात धरा. आमच्या बहिणीने ती २००८ च्या त्या प्रकारानंतर धरली. काकांनी शिकवले. पहिल्या दिवशी काच वर ठेवून ठिणगी पाहिली आणि रात्रभर डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होत होती. काकू डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवत बसल्या होत्या.

आमच्या रिव्हिजनच्या वहीत पाच रकाने आहेत. तारीख, काय बदलले, का बदलले, आधीचे व नंतरचे माप. पाचवा रकाना आम्ही २००८ नंतर वाढवला, “कुणाच्या सांगण्यावरून”. त्यात कंपनीच्या मॅनेजरचे नाव येते तसे हेल्परचेही येते, पूर्ण नाव, आडनावासकट. पहिले नाव काकांचे आहे. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येते. नवे फिक्श्चर तयार झाले की आम्ही त्यांना रिक्षाने गाळ्यावर आणतो. ते खुर्चीवर बसतात, भाऊ जॉब बसवतो, टॅक मारतो, गार होऊ देतो. मग काका हात पुढे करून स्वतः जॉब वर उचलतात. नाही निघाला तर फिक्श्चर पाठवायचे नाही.

गेल्या महिन्यात एक अडकला. गाळ्यावर झाडलोट करून ड्रिलिंगही करणाऱ्या मावशी बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, “ताई, ही कड जरा उतरती केली तर? पातेल्याच्या झाकणावानी.” कड १५ अंशांनी उतरती केली. जॉब निघाला. वहीत मावशींचे नाव लिहिले, आणि त्यांनी ते दोनदा वाचायला लावले.